पंचेचाळीसचा शिक्का

कॉव्हेंट्रीत मशीन टूल बनवणाऱ्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं तपासनीस होतो. दुसऱ्यांनी केलेलं काम मोजायचं आणि मापात नसेल तर परत पाठवायचं, एवढाच माझा धंदा. एखादा बोअर इंचाच्या हजाराव्या भागाने मोठा झाला तरी मी तो नाकारत असे, आणि ज्याने तो केला तो माणूस पुढे कित्येक दिवस चहाच्या सुट्टीत माझ्याकडे पाठ करून बसे. पुरवठादाराने डब्यावर काय छापलंय, फोरमन काय म्हणतो, यावर मी कधी सही केली नाही. आधी माप, मग सही. हे सगळं सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं ते एखाद्या नवशिक्याच्या हातून झालं असतं तर त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं.

गाडी होती एमजीबी जीटी, १९७० चं मॉडेल. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ पासून १९८० पर्यंत एमजीबी बनत होत्या. कारखाना बंद झाला आणि दोन-तीन वर्षांनी मी माझी घेतली, कारण तेव्हा त्या स्वस्तात मिळत. जीटीच्या छपराची रेषा इटलीच्या पिनिनफारिनाची, इंजिन मात्र अस्सल इंग्रजी, बीएमसीचं बी-सिरीज: १७९८ सीसी, ब्लॉक बिडाचा आणि हेडही बिडाचंच. आपल्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये याच घराण्याचं १४८९ सीसीचं इंजिन वर्षानुवर्षं होतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑइल इंजिनं बघत वाढलेल्या मला बॉनेट उघडताक्षणी घरी आल्यासारखं वाटलं. जड, साधं, कुणीही खोलू शकेल असं इंजिन. कुणीही खोलू शकतं हा त्याचा गुण आहे, तसाच दोषही.

बायकोने गाडीभोवती एक फेरी मारली, मागच्या खिडकीतून आत वाकून पाहिलं आणि विचारलं, "अहो, या मागच्या सीटवर माणसं बसतात की पिशव्या?" मुलगी तेव्हा लहान होती. ती त्या सीटवर नेमकी मावली, म्हणून प्रश्न तात्पुरता मिटला.

या इंजिनावर कारखान्यातूनच दोन एसयू कार्ब्युरेटर बसवून येत. एसयू म्हणजे स्किनर्स युनियन. हे स्किनर जोड्यांच्या धंद्यातल्या घराण्यातले, आणि त्यांच्या सुरुवातीच्या कार्ब्युरेटरात पिस्टनच्या जागी चामड्याचा भाता असे. कोल्हापूरच्या माणसाला याचं कौतुक वाटायला हवं होतं, पण मला ही गोष्ट फार उशिरा कळली. एसयूची करामत अशी की इंजिन जितकी हवा ओढेल तितका एक पिस्टन आपोआप वर उचलला जातो. पिस्टनच्या खाली एक निमुळती सुई असते. ती जेटमधून वर सरकली की पेट्रोलची वाट रुंद होते. एक सुई, एक जेट, आणि हवेच्या मानाने पेट्रोल. पिस्टनने एकदम उसळी घेऊ नये म्हणून वरच्या नळीत थोडं तेल घालून ठेवतात. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ते तेल पिस्टनला क्षणभर रोखून धरतं, तेवढ्यात पेट्रोल जरा जास्त ओढलं जातं आणि गाडी पिकअप घेते. हे तेल लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

गाडीला पहिल्या दिवसापासून एक खोड होती. पाय दाबला की ती आधी थबकायची आणि मग निघायची. चौकातल्या गोल चक्करमध्ये शिरताना हे थबकणं जिवावर यायचं. मी बॉनेट उघडून ते दोन एसयू पाहिले. जुने, तेलकट, पितळेवर हिरवट डाग पडलेले. कार्ब्युरेटर झिजलेत असा निर्णय मी तिथेच देऊन टाकला. खरं सांगायचं तर निर्णय त्याआधीच झाला होता, कारण मला वेबर हवा होता.

एदोआर्दो वेबरने १९२३ साली बोलोन्यात सुरू केलेल्या कंपनीचे कार्ब्युरेटर पुढे फेरारीवर, मासेरातीवर गेले. त्यातला ४५ डीसीओई म्हणजे आडवा, दोन घशांचा, ४५ मिलिमीटरच्या थ्रॉटलचा. त्याचा आवाज मी एका टेकडीवरच्या शर्यतीत ऐकला होता. हवा आत ओढली जाताना जो खर्जातला हुंकार निघतो तो ऐकल्यावर एसयूची शिस्तबद्ध फुसफुस कारकुनी वाटायला लागते. शिवाय माझ्यापाशी इतिहासाचा दाखला होता. १९६३ साली ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत कारखान्याची एमजीबी वेबर लावून उतरली होती. पॅडी हॉपकर्क आणि अ‍ॅलन हचिसन चालवत होते. हचिसनने सुरुवातीलाच ती वाळूत घातली, तासाभराहून जास्त वेळ वाळू उपसली, आणि तरीही गाडी बारावी आली. यातला वेबर तेवढा मी लक्षात ठेवला, वाळू उपसण्याचा भाग विसरलो.

अ‍ॅबिंग्डनच्याच स्पेशल ट्यूनिंग विभागाची एक पुस्तिकाही माझ्याकडे होती. तिच्यात सुधारणांचे टप्पे दिलेले होते. आधी हेडचं काम, मग कॅमशाफ्ट, आणि वेबर त्यांच्या नंतर. कारण साधं आहे. इंजिनाला जितकी हवा आत घेता येते तितकीच ते घेणार, आणि मूळच्या हेडला व मूळच्या कॅमला लागेल तेवढी हवा ते दोन दीड इंची एसयू आरामात पुरवतात. अडचण दारात नव्हती, आतल्या बोळात होती. मी पुस्तिका वाचली होती. फक्त शेवटच्या पानाकडून सुरुवात केली होती.

वेबर मिळाला तो एका हौशी शर्यतवाल्याकडून. दोन लिटरच्या इंजिनावरून काढलेला, आत ३८ चे चोक. इथे चोक म्हणजे थंडीत ओढायचा तो नव्हे, घशातला अरुंद भाग. हवा तिथून जोरात जाते आणि त्या जोरावर पेट्रोल ओढलं जातं. घसा मोठा तर वरच्या वेगाला हवा भरपूर, पण खालच्या वेगाला ओढ मंद. माझ्यासारख्या घर ते कारखाना आणि कारखाना ते घर करणाऱ्याला ३४ चा चोक पुष्कळ होता. त्या माणसाने वेबरबरोबर तंबाखूच्या पत्र्याच्या डबीत जेटंही दिली, आणि वर म्हणाला, "एवढ्यात तुमचं काम होऊन जाईल." पैसे जमवायला मी माझी एसयूची जोडी विकली. घेणारे एक निवृत्त शिक्षक होते, त्यांच्याकडे उघडी एमजीबी होती. त्यांनी दोन्ही कार्ब्युरेटर इतक्या जपून टॉवेलात गुंडाळले की मला त्यांची कीव आली.

जी चूक सगळ्यात महाग पडली ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाली, आणि ती होत असताना मला अतिशय समाधान वाटत होतं. रविवारची सकाळ होती. वर्तमानपत्र पसरून त्यावर मी डबीतली जेटं मांडली. वेबरच्या जेटवर जो आकडा असतो तो म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १४५ म्हणजे १.४५ मिलिमीटर, ४५ म्हणजे ०.४५. पद्धत इतकी सरळ. भिंग घेऊन मी प्रत्येक जेटवरचा शिक्का वाचला आणि वहीत तक्ता आखून लिहिला. मेन जेट १४५, आयडल जेट ४५. वहीतलं अक्षर इतकं सुरेख की ते पान आजही कुणाला दाखवावं. कारखान्यात माझ्या टेबलाच्या खणात पिन गेजचा संच होता. गोल पिना, प्रत्येकीचा व्यास पक्का ठाऊक असलेल्या, भोकात जाते की नाही ते पाहायचं आणि माप सांगायचं. तो संच एका संध्याकाळपुरता घरी आणायला कुणी हरकत घेतली नसती. ते माझ्या मनातच आलं नाही. कारखान्यात आलेल्या मालावरच्या शिक्क्यावर विश्वास ठेवला असता तर मी स्वतःला नोकरीवरून काढलं असतं. पण ही माझी गाडी होती, रविवार होता, आणि आपल्या हौशीच्या वस्तूंकडे माणूस तपासनीसाच्या डोळ्यांनी बघत नाही.

बसवण्यातल्या चुका किरकोळ म्हणाव्यात अशा, पण होत्या खऱ्या. डीसीओई मॅनिफोल्डला घट्ट आवळायचा नसतो. मध्ये रबरी रिंग आणि नटाखाली थॅकरे वॉशर नावाचे दुहेरी स्प्रिंगवॉशर असतात, आणि त्यांच्या वेढ्यांत बारीकशी फट राखायची असते. म्हणजे इंजिनाची थरथर कार्ब्युरेटरपर्यंत पोचत नाही. मी नट शेवटपर्यंत आवळले. सैल सोडलेला नट मला सहन होत नाही. परिणाम असा की मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या वर फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोलला फेस यायचा आणि गाडी खोकायची. बी-सिरीज इंजिनात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि कार्ब्युरेटर एकाच बाजूला, एकावर एक असतात. त्यांच्यामधला मूळचा पत्रा वेबरला आडवा येत होता, म्हणून मी तो काढून टाकला आणि दुसरा बनवायचं राहून गेलं. उन्हाळ्यात गाडी दहा मिनिटं उभी राहिली की पेट्रोल उकळायचं आणि परत सुरू करताना स्टार्टर रडकुंडीला यायचा. डिस्ट्रिब्युटरला जाणारी व्हॅक्यूमची बारीक नळी वेबरवर कुठे लावायची ते सापडेना, तेव्हा मी तिला बूच मारलं. हलक्या पायाने एका चालीत गाडी चालवताना स्पार्क जो पुढे सरकायचा तो त्या बुचाबरोबर बंद झाला.

पण पहिल्यांदा सुरू केली तेव्हा यातलं काही जाणवलं नाही. गॅरेजचं दार उघडं होतं. तो हुंकार ऐकून शेजारचे म्हातारे गृहस्थ कुंपणाशी आले. आयुष्यभर मोटार कारखान्यात इंजिनं जोडून निवृत्त झालेला माणूस. बराच वेळ ऐकून म्हणाले, "आवाज छान आहे." मी धन्यवाद दिले. आणखी थोडं ऐकून त्यांनी विचारलं, "आधी किती पळत होती?" मी म्हटलं, आधीपेक्षा नक्कीच जास्त पळेल. "ते नाही विचारलं," ते म्हणाले आणि घरात गेले.

किती सेकंदांत साठचा वेग घेते, गॅलनला किती मैल जाते, चढावर तिसऱ्या गिअरमध्ये किती ओढते, यातलं एकही माप मी वेबर बसवण्याआधी घेतलं नव्हतं. म्हणजे गाडी सुधारली की बिघडली हे ठरवायला माझ्याकडे आवाजाखेरीज काही नव्हतं. आणि आवाज तर फारच सुधारला होता.

थबकणं मात्र गेलं नाही. जागा तेवढी बदलली. आता गाडी अडीच हजारांच्या आसपास अडखळायची, खड्ड्यात पाय पडावा तशी, आणि तीन हजारांनंतर एकदम सुटायची. वेबरमध्ये हळू चालवताना पेट्रोल येतं ते आयडल जेटमधून, थ्रॉटलच्या कडेला असलेल्या बारीक भोकांच्या वाटेने. मेन जेट नंतर कामाला लागतं. ३८ च्या चोकमध्ये मेन जेट उशिरा जागं होतं, आणि आधीची भोकं तोवर दमलेली असतात. दोघांच्या मधल्या पोकळीत माझी गाडी रोज सकाळी पडत होती. इलाज एकच होता, चोक लहान करणं. मी नवी जेटं आणली.

पहिल्यांदा आयडल जेट बदललं. ४५ काढलं आणि दुकानातून कोरं ५५ आणून घातलं, म्हणजे हिशोबाने पेट्रोल जास्त. अडखळणं वाढलं. हे मला अजिबात समजेना. पेट्रोल वाढवलं की खड्डा भरायला हवा होता. मी वहीत लिहिलं, "५५: वाईट. इंजिनाला कमी पेट्रोल मानवतं." मग परत ४५ घातलं आणि गाडी सुधारली. माझा निष्कर्ष पक्का झाला. तिथून पुढे मी आयडल जेटचा नाद सोडला आणि मेन जेटच्या मागे लागलो. १५०, १५५, १६०. वरच्या वेगाला एक्झॉस्टमधून काळा धूर निघायला लागला, तरी अडीच हजारांवरचा खड्डा होता तिथेच. वही भरत चालली होती. तारीख, जेट, हवामान, शेरा. एवढी व्यवस्थित नोंद मी कारखान्यातसुद्धा ठेवत नसेन.

त्या दिवसांत गनसनचं कलरट्यून नावाचं एक साधन मिळायचं, काचेची खिडकी असलेला स्पार्क प्लग. सिलिंडरमधल्या ज्वाळेचा रंग त्यातून दिसतो. पिवळसर म्हणजे पेट्रोल जास्त, निळी म्हणजे बरोबर. इंजिन आयडलिंगला ठेवून मी पाहिलं तर सुरेख निळी ज्योत. पण आयडलिंगचं मिश्रण कार्ब्युरेटरवरच्या वेगळ्या स्क्रूने ठरतं, आणि ते स्क्रू मी निळा रंग दिसेपर्यंत फिरवले होते. जरा पाय दाबला की कडेची भोकं थेट आयडल जेटमधून ओढायला लागतात, स्क्रूचा तिथे काही अधिकार चालत नाही. म्हणजे मी स्वतःच रंग लावला आणि स्वतःच तो पाहून खूश झालो.

प्लग काढून बघितले तर ते काळे. शिवाय आतल्या दोघांचा रंग एक आणि बाहेरच्या दोघांचा वेगळा. बी-सिरीजच्या हेडमध्ये पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरला मिळून एकच इनलेटचं दार असतं, तिसऱ्या-चौथ्याला दुसरं. फायरिंगचा क्रम १-३-४-२ असल्याने जोडीतले दोघं पाठोपाठ हवा ओढतात आणि मग दोघंही बराच वेळ गप्प बसतात. त्यामुळे आतल्या आणि बाहेरच्या सिलिंडरांना सारखा घास कधीच मिळत नाही. हा त्या हेडचा जन्मजात स्वभाव आहे, वेबर लावा नाहीतर काहीही लावा. मला ते माहीत नव्हतं असं नाही. पण काळे प्लग हातात घेतले की मी स्वतःला "या हेडचे प्लग असेच दिसायचे" असं समजावत असे. एक खरी गोष्ट हाताशी असली की तिच्याआड दुसरी लपवता येते.

दरम्यान गाडी गॅलनला सतरा मैलांवर आली होती. बायकोच्या कोटाला पेट्रोलचा वास यायला लागला. तिने एकदा शांतपणे विचारलं, "अहो, तुम्ही गाडीत पेट्रोल घालता की गाडी आपल्यावर पेट्रोल घालते?" मी तिला डीसीओईमधल्या इमल्शन ट्यूबचं काम समजावून सांगायला घेतलं. तिने ते संपूर्ण ऐकून घेतलं. त्यानंतर कामाला ती बसने जायला लागली.

एका बाबतीत मात्र मी अतिशय समाधानी होतो. गाडी तेल अजिबात खात नव्हती. या वयाची एमजीबी दर आठवड्याला थोडं तेल मागते, माझी मागत नव्हती. उलट डिपस्टिकवरची पातळी किंचित वरच दिसायची. मी ती पुसून परत घालत असे आणि मनात म्हणत असे, इंजिन आतून किती निरोगी आहे.

पातळी वर जाते याचा अर्थ आत काहीतरी येतंय, हे चौथीतल्या पोराला कळलं असतं. तेलाच्या टाकीत पेट्रोल जमत होतं. जरुरीपेक्षा जास्त पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुवून काढत होतं आणि रिंगांच्या कडेने खाली टपकत होतं.

वेल्सला जायचं बायकोने ठरवलं होतं, आणि मुलीच्या हट्टामुळे ती एकदाची पुन्हा गाडीत बसायला तयार झाली. ए-फाइव्ह रस्त्याने लांगोलेनपर्यंत काही झालं नाही. पुढे लानबेरिसच्या खिंडीचा चढ लागला. फोंडा घाट एसटीने चढलेल्या माणसाला हा चढ म्हणजे काहीच नाही, असं मी म्हणतही होतो. ऑइल प्रेशरचा काटा एरवी पन्नाससाठच्या घरात असायचा, तो तिशीला आला, मग विशीला. काटा बिघडला असेल असं मला वाटलं. खाली टकटक सुरू झाली तेव्हा तो बिघडलेला नाही हे कळलं. डोक्यावर पाऊस, बॉनेटमधून वाफ, मागच्या सीटवर मुलगी विचारते, "बाबा, आपण इथेच राहायचं?" आणि शेजारी बायको एक अक्षर बोलत नाही. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं. ट्रकवर लादून गाडी घरी आणली.

शेजारच्या म्हाताऱ्यांनी येऊन डिपस्टिक ओढली, नाकाशी धरली आणि ती माझ्या नाकाशी आणली. बाकी काही बोलले नाहीत. इंजिन दोघांनी मिळून खोललं. सिलिंडरांच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत उभ्या रेघा पडल्या होत्या, रिंगा झिजल्या होत्या, बिग एंडची बेअरिंगं तांब्यापर्यंत गेली होती. पिस्टन हातात फिरवत ते म्हणाले, "कार्ब्युरेटरमध्ये काय घातलंय ते आता तरी मोज."

दुसऱ्या दिवशी ती डबी मी कारखान्यात नेली आणि दुपारच्या सुट्टीत खणातला संच काढला. ४५ चा शिक्का असलेल्या आयडल जेटमध्ये ०.४५ ची पिन नुसती पडली. ०.५० ची पडली. ०.५५ ची पडली. ०.६० ची अलगद बसली. दुसरं जेटही तसंच. मेन जेटवर १४५, आतलं भोक त्याहून मोठं. कुणीतरी कधीतरी बारीक रीमरने ती मोठी केली होती आणि शिक्का तसाच ठेवला होता. शर्यतवाले हे करतात, त्यात लबाडी असतेच असं नाही. त्याला त्याच्या इंजिनासाठी तेवढं लागत असेल आणि विकताना आठवलंही नसेल. म्हणजे माझं "४५" होतं साठ, आणि दुकानातलं कोरं ५५ घातलं तेव्हा मी पेट्रोल वाढवलं नव्हतं, कमी केलं होतं. गाडीने मला त्याच क्षणी खरं सांगितलं होतं. मी तिचं उत्तर माझ्या चुकीच्या आकड्यांशी ताडून पाहिलं आणि तिलाच खोटं ठरवलं. त्यानंतरच्या वहीतली प्रत्येक ओळ त्या एका आकड्यावर उभी होती.

रिबोअर इंचाच्या चाळीस हजारांशांचा झाला, चार पिस्टन नवे, क्रँक घासून आणला, बेअरिंगं, गॅस्केटचा संच, ऑइल पंप. गाडी जेवढ्याला घेतली होती त्याच्या निम्म्याहून जास्त रक्कम गेली. त्या वर्षी आम्ही भारतात जाणार होतो ते पुढच्या वर्षावर ढकललं. आईला मी पत्रात काय कारण लिहिलं ते इथे सांगत नाही. कार्ब्युरेटर हा शब्द त्या पत्रात नव्हता.

याच सुमारास माझे एसयू घेतलेल्या शिक्षकांचा फोन आला. एअर फिल्टरचे दोन लांब बोल्ट माझ्याकडे राहिलेत का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. कार्ब्युरेटर कसे चाललेत, असं मी भीतभीतच विचारलं. म्हणाले, "उत्तम. दोन्हीच्या नळ्या मात्र कोरड्या ठणठणीत होत्या. तेलाचा थेंब नव्हता. चमचाभर इंजिन ऑइल घातलं आणि झालं. तुमची गाडी थबकत नव्हती का हो?" मी म्हटलं, थोडीशी. बोल्ट मी त्यांना पोस्टाने पाठवले.

नवं इंजिन जोडलं तेव्हा त्यावर पुन्हा वेबरच बसवला. यात हट्ट होता हे कबूल, पण वेबरवर अन्याय झालाय असंही मला वाटत होतं. या वेळी ३४ चे चोक, कोरी जेटं, प्रत्येक जेट पिनेने मोजलेलं. थॅकरे वॉशरची फट फीलर गेजने राखलेली. खाली नवा पत्रा. रोलिंग रोडवर, म्हणजे चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजतात त्या यंत्रावर, नेऊन नीट सेट करून घेतली. अडीच हजारांवरचा खड्डा नाहीसा झाला, गाडी लोण्यासारखी चालायला लागली. मग, जे सुरुवातीला करायचं होतं ते केलं. दुसरीकडून एसयूची एक जुनी जोडी मिळवली, स्पिंडलसाठी नवे बुश बसवले, नळ्यांत तेल घातलं आणि त्याच रोलिंग रोडवर तेच इंजिन पुन्हा मोजलं. वेबर पुढे होता, चार हॉर्सपॉवरने, तेही पाच हजारांच्या वर गेल्यावर. तीन हजारांच्या खाली एसयू सरस. कॉव्हेंट्रीच्या रिंग रोडवर मी पाच हजारांच्या वर क्वचितच जात असे. तिथे त्या कामाला पोलिस असतात. त्या हेडवर आणि त्या कॅमवर वेबरला मिळवण्यासारखं तेवढंच होतं, आणि हे त्या पुस्तिकेत होतं.

रोलिंग रोडचा कागद बायकोला दाखवला. तिने दोन्ही रेघांकडे बराच वेळ पाहिलं. "यातली महाग कुठली?" मी बोट ठेवलं. "आणि मी कुठलीत बसू शकते?" मी दुसऱ्या रेघेवर बोट ठेवलं. गाडीवर एसयूची जोडी राहिली.

वेबर विकायला काढला तेव्हा मी सगळं खरंखरं लिहून दिलं. चोक कुठले, जेटं कुठली, प्रत्येकाचं मोजलेलं माप. रीमर फिरवलेली जेटं वेगळ्या पाकिटात, शिक्क्याशेजारी खरा आकडा शाईने घातलेला. घ्यायला आलेला तरुण हुशार दिसला. त्याने कार्ब्युरेटर उलटसुलट करून पाहिला, मग माझी जेटांची पेटी उघडली. एव्हाना तंबाखूची डबी पुरत नव्हती, मी खणांची लाकडी पेटी केली होती. इतकी जेटं पाहून तो सावध झाला. ज्या कार्ब्युरेटरला एवढी जेटं लावून बघावी लागली त्यात नक्की काहीतरी दोष असणार, म्हणाला, आणि ठरलेल्या किमतीतून पंधरा पौंड कमी मागितले.

मी दिले.